अकरा मागूर आणि कोरडी आर्द्रा

पिल्लं काढण्यासाठी अकरा देशी मागूर मासे जमवायला आम्हाला पावणेदोन महिने लागले. माझे वडील, अण्णा, सांगतात, त्यांच्या लहानपणी हे एका सकाळचं काम होतं. चैत्रात गावतळं आटायला आलं की भोईआळीतली पोरं कुदळ-टोपलं घेऊन चिखलात उतरायची आणि दुपारपर्यंत घरोघरी कालवण शिजायचं. आम्ही मात्र फाल्गुनापासून वैशाखापर्यंत ओढ्यांचे डोह, पडक्या विहिरी, बंधाऱ्याखालची डबकी पालथी घातली. कुठं एक मिळाला, कुठं दोन. एका शेतकऱ्यानं जुन्या विहिरीतले तीन दिले आणि पैसे घेतले नाहीत.

गंगाखेडच्या बाजारात मागूर मिळत नाही असं नाही. टोपल्या भरून मिळतो, पण तो आमचा मागूर नव्हे. तो मूळचा आफ्रिकेतला, लोक त्याला थाई मांगूर म्हणतात. अंगावर राखाडी ढगाळ चट्टे, डोकं लांब आणि चपटं, वजन किलोंत. आमचा देशी मागूर काळसर तपकिरी, आटोपशीर, पाव-अर्ध्या किलोच्या पुढं सहसा जात नाही. थाई मांगूर मिळेल ते खातो, इतर माशांची पिल्लंही ठेवत नाही. त्याच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० सालीच बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं महाराष्ट्राला त्याचा साठा नष्ट करायला सांगितलं. तरी तो अजून विकला जातो. बादलीत टाकण्याआधी मी प्रत्येक मासा उजेडात धरून पाहत होते, ते यासाठीच.

मी परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गावची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. घर भोयांचं, आणि अण्णा मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. संस्था दरवर्षी तळ्यात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते. मागुराचं बीज, म्हणजे पिल्लं, कुणी सोडत नाही, कारण ते मिळतच नाही. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून मी घरी परतले तेव्हा डोक्यात एकच होतं, हे बीज आपण करायचं.

कॉलेजात आम्ही या माशाचं नाव क्लॅरियस बॅट्रॅकस म्हणून पाठ केलं होतं. पुढं कळलं की ते नाव जावा बेटावरच्या माशाचं आहे. आपला तो क्लॅरियस मागूर. हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गतज्ज्ञानं १८२२ मध्ये उत्तरेतल्या गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद केली, तेव्हा लोकांच्या तोंडचं नावच त्याला दिलं. म्हणजे शास्त्राच्या नावातही तो मागूरच आहे, याचा मला फार आनंद झाला होता. आज तो धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. बिहारनं त्याला राज्यमासा केलंय.

हा मासा नाहीसा होतोय हे आमच्याकडे कुणाला पटत नाही, कारण त्याचा चिवटपणा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या कल्ल्यांच्या वर पोवळ्याच्या फांद्यांसारखं लाल, झाडासारखं पसरलेलं इंद्रिय असतं. त्यातून तो सरळ हवेतला प्राणवायू घेतो. पाणी नासलं, आटलं, तरी वर येऊन हवा गिळतो आणि ओल्या चिखलात महिनोन् महिने तग धरतो. पावसाच्या रात्री छातीच्या काट्यांवर रेटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आमच्याकडे गंगेच्या पात्रात वाळूच वाळू होती. त्या वैशाखातही अण्णांना तळ्याच्या गाळात जिवंत मागूर सापडला होता. ते कौतुकानं म्हणायचे, "ह्याला दुष्काळ काय करतो?"

आजीला हे मान्य नव्हतं. ती बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. ती म्हणाली, "बहात्तरात मागूर होते की. पण पुढल्या साली बोटाएवढं पिल्लू काई दिसलं नाही. समदे मोठेच. मग ते बी सरले."

मी ते ऐकलं आणि वहीत लिहून ठेवलं. त्याचा अर्थ मला आर्द्रा नक्षत्रात कळला.

अकरांपैकी सहा माद्या आणि पाच नर निघाले. ओळखायची खूण पोटाखाली असते. नराचं जननद्वार लांबट, टोकदार. मादीचं गोल, बटणासारखं. शेडमधल्या सिमेंटच्या हौदात तळाला गाळ घातला, वर जलपर्णी सोडली आणि शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, उकडलेल्या गोगलगाई, बाजारातली माशांची आतडी असं रोज देत गेलो. एकदा नराला उचलताना त्याचा काटा तळहातात घुसला आणि कोपरापर्यंत आग झाली. आजीनं हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायला लावला, तेव्हा कुठं उतार पडला.

मागूर वर्षातून एकदाच वितो, पावसाळ्यात. माघ-फाल्गुनात दिवस मोठा होऊ लागला, पाणी तापू लागलं की मादीच्या पोटात अंडी धरायला लागतात आणि मृगापर्यंत ती तयार होतात. मग ती वाट पाहते. नवं पाणी हवं, तळ्याच्या काठाची उथळ जमीन बुडायला हवी, पाण्याचा तापटपणा उतरायला हवा. हे एकत्र आलं तर नर काठाच्या चिखलात बीळ करतो आणि मादी त्यात अंडी घालते. आलंच नाही, तर श्रावणापर्यंत अंडी पोटातल्या पोटात विरून जातात. मासा जिवंत राहतो, धडधाकट दिसतो, पण ते वर्ष गेलेलं असतं.

गेल्या हंगामात आमच्याकडे मृग कोरडा गेला. आर्द्राही तशीच लागली. माद्यांची पोटं फुगलेली, बोटाला मऊ लागत होती. मला भीती वाटली की थांबलो तर अंडी विरतील. पाऊस नसला तरी अंडी उतरवणारं इंजेक्शन आहे, ही माझी शाळेतली अक्कल. त्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये हौदाच्या पाण्याचं तापमान ३३ अंश होतं. वहीत मी ते स्वतःच्या हातानं लिहिलंय आणि तरी पुढं गेले.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं मागुराच्या हॅचरीची, म्हणजे टबात अंडी उबवून बीज काढण्याची, पद्धत बसवलेली आहे. मी तिच्याच आधारानं चालले होते. संध्याकाळी सहा वाजता दोन माद्यांना ओव्हाप्रिम टोचलं. दीडशे ग्रॅमच्या मादीला डोस पाव मिलिलिटरपेक्षाही कमी, त्यासाठी इन्सुलिनची सिरिंज वापरली. ओव्हाप्रिममध्ये सॅल्मन माशाच्या संप्रेरकाची नक्कल असते. पावसानं जो निरोप मादीच्या मेंदूला द्यायचा, तो आपण सुईनं देतो. त्यानंतर साधारण सतरा तासांनी अंडी काढायची.

आता जे सांगायचंय ते सांगताना मला अजून जड जातं. कटला-रोहूच्या नराचं पोट दाबलं की दूध, म्हणजे वीर्य, येतं. मागुराच्या नराचं येत नाही. त्याचं पोट फाडून वृषणं काढावी लागतात, ती बारीक कापून मिठाच्या पाण्यात, म्हणजे ०.९ टक्के सलाइनमध्ये चुरडावी लागतात. नर मरतो. या पद्धतीत त्याला सहसा दुसरा उपाय नसतो. आणि हा तोच नर, जो निसर्गात अंडी घातल्यावर बिळाच्या तोंडाशी थांबतो, अंड्यांवर पाणी हलवत राहतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत जागा सोडत नाही. मी भोयाची मुलगी आहे, मासे कापत मोठी झाले. खाण्यासाठी कापताना हात कधी थांबला नव्हता. त्या सकाळी थांबला. अण्णांनी विळी माझ्या हातून घेतली आणि म्हणाले, "ताई, तू बाजूला हो. बघू नको." पण मी बघितलं. बघायला हवं असं वाटलं.

अकरा वाजता मादीचं पोट अलगद दाबलं. ताटात अंडी उतरली, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, तपकिरी झाक असलेली. काही तर रात्रीच टबात गळून गेली होती, म्हणजे वेळ टळून गेली होती. गरम पाण्यात सगळंच लवकर पिकतं. सतरा तासांचा हिशेब २८ अंशांच्या पाण्याचा होता, ३३ अंशांचा नव्हता. तरी सलाइनमधलं दूध वर ओतलं, पिसानं हलवलं, पाणी घातलं. अंडी चिकट होऊन टबाच्या तळाला बसली. वरून पाण्याची बारीक धार सोडली. दुपारी तीन वाजता टबातलं पाणी ३४ वर गेलं.

पाच वाजल्यापासून अंडी पांढरी पडू लागली. जिवंत अंडं आरपार दिसतं, मेलेलं दुधी होतं. आधी इकडं-तिकडं एखादं, मग खसखस सांडावी तसा तळ पांढरा. रात्री त्यावर बुरशीचा कापूस धरला. एकही पिल्लू निघालं नाही. दोन माद्यांपैकी एक तिसऱ्या दिवशी मेली. ज्या नराला कापलं त्याचं काय, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, पण मी बरेच दिवस तोच विचार करत होते.

त्या रात्री वही उघडून बसले तेव्हा आजीचं वाक्य समोर आलं. समदे मोठेच. मोठा मागूर हवेतून श्वास घेतो, पण अंड्याला ते झाडासारखं इंद्रिय नसतं. पिल्लालाही ते पहिले दहा-बारा दिवस चालवता येत नाही. अंड्याला पाण्यात विरघळलेला प्राणवायूच लागतो आणि पाणी जितकं तापेल तितका तो कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. वर तापलेल्या पाण्यात अंड्यातला जीव घाईनं वाढतो, म्हणजे त्याची भूक जास्त आणि पुरवठा कमी. गाळात पाच महिने काढणाऱ्या माशाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की त्याला चार-पाच अंशांचा फरकही सोसत नाही. तो दिवस आपल्याकडे आता पूर्वीच्या जागी राहिलेला नाही. मृगात ऊन, मग एका रात्रीत ओढे भरून वाहणारा पाऊस, मग तीन आठवडे उघडीप. काठावर बीळ केलं तर एक तर ते वाहून जातं नाहीतर पाणी ओसरून उघडं पडतं. अण्णांनी हे सगळं पाहिलेलं होतं, पण अण्णा मासा पाहत होते. अंडं कुणी पाहिलं नव्हतं.

पाऊस येईपर्यंत सुईला हात लावायचा नाही, असं ठरवलं. शेडच्या पत्र्यावर तुराट्या आणि उसाचं पाचट पसरलं. चारी बाजूंना गोणपाटं टांगून त्यांवर ठिबकची नळी फिरवली. टब जमिनीवरून काढून अर्धे मातीत पुरले. बोअरचं पाणी थेट वापरायचं नाही, कारण खोलातून येणाऱ्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो. ते आधी उंचावरच्या टाकीतून चाळणीवर पाडायचं, एक रात्र मुरू द्यायचं. शेजारचे काका विचारायचे, "पोरगी माशासाठी कूलर करायलीय का काय?" अण्णा म्हणायचे, "व्हय, करायलीय."

पुनर्वसूचा तरणा पाऊस नुसता गरजून गेला. पुष्याचा म्हातारा मात्र आला. पुष्य लागल्यावर चौथ्या दिवशी झड बसली आणि दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी हौदाचं पाणी २७ वर उतरलं. रात्री हौदात खळबळ ऐकू आली. मासे एकमेकांच्या मागं फिरत होते, भिंतीला घासत होते. आर्द्रात हे काहीच झालं नव्हतं.

या वेळी दुपारी बारालाच टोचलं, म्हणजे अंडी पहाटे पाचच्या गारव्यात हाताशी यावीत. तीन माद्या, दोन नर. नर या वेळी मी स्वतः कापले. अंडी उतरली ती वेगळीच होती, चकचकीत, सुटी, सोनेरी झाक असलेली. टबात एकावर एक न बसू देता पसरली. ढगाळ दिवस होता. दर तासाला थर्मामीटर घालत होते. २७, २७.५, २८, दुपारी दोनला २८.५. गोणपाटं वाळू दिली नाहीत. पांढरी पडली ती अंडी ड्रॉपरनं वेचून टाकली, कारण बुरशी शेजारच्यांना धरते. दुपारनंतर आरपार अंड्यात शेपटीचा झटका दिसायला लागला. मी आजीला हाताला धरून शेडमध्ये आणलं, पण तिला ते दिसेना. "हलतंय म्हणतीस ना, मग हलतंय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिली पिल्लं बाहेर आली. शिवणकामाच्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी, पोटाला बलकाची पिवळी पिशवी. उजेड त्यांना नको असतो. टबाच्या अंधाऱ्या कडेला गोळा होऊन काळसर ढीग करतात आणि सगळ्यांच्या शेपट्या एकत्र थरथरतात. लहान वाटीत मोजून अंदाज काढला, चार हजारांच्या आसपास.

पाचव्या रात्री वीज गेली. वादळानं खांब पडला होता, सकाळशिवाय येणार नाही असं कळलं. एअर पंप बंद, पाण्याची धार बंद. पिशवीतला बलक नुकताच संपलेला, पिल्लं आता पोहत होती आणि हवा गिळायला अजून आठवडा होता. काका बॅटरीचा फवारणी पंप घेऊन धावत आले. त्यांची तळमळ खरी होती, पण त्या पंपानं कापसावर औषध मारलेलं. कितीही धुतला तरी मी तो टबात घालू शकत नव्हते. शेवटी तांबे घेतले. टबातलं पाणी तांब्यात जाळीतून घ्यायचं, हातभर उंचीवरून बारीक धारेनं परत सोडायचं. अण्णा, आई, मी आणि काका, चार टबांवर चार माणसं. रात्री साडेदहापासून सकाळी सव्वासातपर्यंत. आईनं कधी माशांच्या कामात लक्ष घातलं नव्हतं. त्या रात्री तिचाच टब सगळ्यात चांगला राहिला. साधारण निम्मी पिल्लं गेली. बाहेर गार पाऊस होता म्हणून निम्मी राहिली. हीच वीज आर्द्रात गेली असती तर सकाळी काही उरलं नसतं.

पुढचे दिवस खाण्याच्या धावपळीचे. शेणखत टाकून हिरवं केलेल्या खड्ड्यातलं पाणी आईच्या जुन्या सुती लुगड्यातून गाळायचं, त्यात उरलेले बारीक जीव पिल्लांना द्यायचे. पाणी वीतभरही ठेवायचं नाही, चार बोटं पुरे, कारण लवकरच त्यांना वर यायचं असतं आणि खोली जास्त असली तर ती दमतात. अकराव्या दिवशी सकाळी मी वाकून बघत होते. एक पिल्लू तळातून सुटलं, वाकडंतिकडं वर आलं, पाण्याच्या पृष्ठाला तोंड लावलं आणि खाली गेलं. मागं एक बुडबुडा सुटला. मग दुसरं. मी ओरडले, तर आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

भाद्रपदात, बोटाच्या दोन पेरांएवढी झाल्यावर मोजली. ८४० निघाली. आधी तळ्यात तीन दिवस जाळी ओढून थाई मांगूर नाही ना, ते पाहिलं. एक सापडला, तो काढला. मग संध्याकाळी, पाणी निवल्यावर, काठच्या गवतात सोडली. पिशव्या आधी अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी एक व्हावं म्हणून. संस्थेचे चार सभासद आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, यातली किती जगतील. मी सांगितलं, सांगता येत नाही. पण माघात जाळ्यात वीतभर लांबीचे मागूर आले आणि अण्णांनी ते तसेच परत पाण्यात सोडले.

हौदात आता सात उरलेत, पाच माद्या आणि दोन नर. यंदा नर कापायचे नाहीत. शेडमागं कडुनिंबाच्या सावलीत खड्डा खणलाय, त्याच्या काठाला पाण्याच्या पातळीखाली हातभर खोल जाणारी सहा बिळं कोरलीत, तोंडाशी गवत लावलंय. पाऊस वेळेवर आला तर मासे आपलं आपण करतील. नाही आला तर गोणपाटं आहेत आणि वरच्या टाकीत मुरवलेलं पाणी आहे, त्याची झारीनं सर पाडायची. मृग आठ दिवसांवर आहे. आज दुपारी खड्ड्यातलं पाणी ३१ होतं. अण्णा आता तळ्यावरून आले की आधी तेच विचारतात.